बोटावरचा आकडा

माझ्या बायकोला श्वास घेता येत नव्हता आणि मी तिला फोनवर आकडा विचारला. ही माझी चूक आहे. त्या चुकीची धार कमी करायला मी पुष्कळ कारणं शोधली. कामात होतो, मला कळत नव्हतं, डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं. पण लिहायला बसलो की कारणं बाजूला पडतात आणि तेवढंच वाक्य उरतं.

फोन भर दुपारी आला. मी प्लांटमध्ये होतो, समोर एक प्रेशर गेज उघडून ठेवलेलं. पलीकडून आधी नुसता आवाज आला, लाकडातून करवत मागं ओढावी तसा. मग तुटक शब्द.

"अहो... आत जाऊन नाई राह्यला... श्वास."

"मशीन लाव बोटाले," मी म्हणालो. "किती दाखवते?"

बराच वेळ फक्त करवत. मग, "अठ्ठ्याण्णव."

"मंग? अठ्ठ्याण्णव म्हणजे फस्क्लास. काई नाई झालं तुले. पाणी पी अन् पडून राह्य."

मी फोन खिशात टाकला आणि गेजकडे वळलो. बरोबरच्या केरळी फिटरनं विचारलं, "घर पे सब ठीक?" मी म्हणालो, "हां, वाइफ थोडा घबराती है."

त्यानंतर श्वास अडकला म्हणून तिनं मला पुन्हा कधीच फोन केला नाही. मला वाटलं, ती बरी झाली.

आम्ही अकोल्याकडचे. बहरीनमध्ये येऊन बरीच वर्षं झाली. नईम भागातल्या एका जुन्या इमारतीत दोन खोल्यांत राहतो, मी, ती आणि मुलगी. मुलगी इथल्याच इंग्रजी शाळेत शिकली. आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. पाइपांवर बसवलेली गेज खरं बोलतात की नाही हे तपासणं एवढंच माझं काम. कोविडच्या काळात बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन घरी आणलं तेव्हा मी ते आधी स्वतःच्या, मग मुलीच्या बोटाला लावून, आकडे ताडून पाहिले होते. मशीन चांगलं होतं. आजही आहे.

बायकोला मी पाहिलं त्याच्या आधी ऐकलं होतं. तिच्या गावच्या बुद्धविहाराच्या भोंग्यावरून जयंतीच्या दिवशी तिचा आवाज येत होता आणि मी मित्राच्या मोटारसायकलवर मागं बसून त्या गावातून चाललो होतो. मित्राला म्हणालो, जरा थांब. पुढचं सगळं त्या थांबण्यातून झालं.

इथं आमचे लोक शुक्रवारी कुणाच्या तरी घरी वंदनेला जमतात. सोफे भिंतीला सरकवायचे, चटया टाकायच्या, पांढरे कपडे. माझ्या बायकोची पांढरी साडी बाब अल बहरीनच्या कमानीमागच्या बाजारातून घेतलेली, काठाला बारीक निळी रेघ. ती पुढं बसायची. तिनं पहिला शब्द उचलला की बाकीचे मागून यायचे. इथं जन्मलेल्या मुलांना वंदना तिच्याकडूनच पाठ झाली, इतकी की नागपूरची, मुंबईची, साताऱ्याची पोरंही ती आमच्या वऱ्हाडी हेलात म्हणायची. तिला त्याचं हसू यायचं.

दुखणं हळूहळू आलं. आधी घसा खाकरणं. सारखं, दर दोन वाक्यांमागं. मला त्याचा राग यायचा. "काय सारखं ख्यॅ ख्यॅ लावलं?" असं मी एकदा पाहुण्यांसमोर म्हणालो. मग सकाळचा बसलेला आवाज, मग खोकला. ती म्हणायची, घशात काहीतरी गोळा अडकल्यासारखं वाटतं, गिळलं तरी जात नाही. मग एकदा भांडी घासता घासता अचानक गळा आवळल्यासारखा झाला आणि श्वास आत जाईना. क्लिनिकच्या डॉक्टरनं छाती तपासली, इथल्या धुळीचं नाव घेतलं आणि दम्याचा पंप दिला. पंपानं काही फरक पडला नाही. पुन्हा गेलो. बोटाला मशीन लावलं, एक्स-रे काढला, सगळं स्वच्छ. डॉक्टर म्हणाला, टेन्शन मत लो.

तो शब्द मी घरी आणला. त्यानंतर तिला श्वास अडकला की मी मशीन आणायचो, तिच्या बोटाला लावायचो आणि आकडा तिच्या तोंडासमोर धरायचो. "पाह्य. पाह्य बरं. अठ्ठ्याण्णव." ती मान मागं टाकून हवा ओढत असायची आणि मी तिला आकडा दाखवत असायचो. एकदा मुलीनं माझ्या हातातून मशीन हिसकावून घेतलं. "बाबा, स्टॉप आस्किंग हर द नंबर. लुक ॲट हर." मी तिलाच ओरडलो, मोठ्यांच्या मधे बोलू नकोस म्हणून.

जेवणाचंही सांगायला हवं. माझी शिफ्ट, वर ओव्हरटाइम, त्यानंतर कंपनीच्या बसचा फेरा. घरी यायला उशीर व्हायचा. मला एकट्याला जेवण जात नाही, असं मी लग्न झाल्यापासून सांगत आलो होतो आणि ती थांबत आली होती. मुलीला वेळेवर वाढायची, स्वतः थांबायची. मी आलो की गरम भाकरी, ठेचा, वर तेलाची धार. ठेच्यात मिरची कमी पडली की मी बोलून दाखवायचो. सकाळी मुलीचा डबा करायला लवकर उठायचं म्हणून जेवण झालं की ती लगेच आडवी व्हायची. तू जेवलीस का, हा प्रश्न मी तिला कधी विचारला नाही. विचारायची गरजच नव्हती, ती माझ्याबरोबरच जेवायची. आणि याचा मला अभिमान होता. लोकांना सांगायचो, आमच्या घरी अजून सगळं एका ताटासारखं आहे.

त्या वर्षीची जयंती आम्ही हॉल भाड्यानं घेऊन केली. साउंड माझ्याकडे होता. गाण्यांची सुरुवात नेहमीप्रमाणे तिनं करायची. सकाळी ती म्हणाली होती, "आज दुसऱ्या कोणाले म्हणू द्या ना. गळा बरोबर नाई माहा."

मी म्हणालो, "लोकायनं काय तुह्या गळ्याची सोनोग्राफी काढायची हाय? म्हण दोन गाणे. नाटकं नको करू ऐन टायमाले."

पहिलं कडवं तिनं म्हटलं. दुसऱ्यात वरची जागा आली, तिथं आवाज फाटला. ती थांबली, हात गळ्याकडे गेला, आणि माझ्याच लावलेल्या माइकवरून तो करवतीचा आवाज सगळ्या हॉलभर गेला. लोक उभे राहिले. मी धावत स्टेजवर गेलो. तिच्याकडे नाही, माइककडे. "काई नाई, काई नाई," मी म्हणालो. "जरा घाबरली. एवढी पब्लिक पाहून आमच्या मॅडमला स्टेज फिअर आला." लोक हसले, ते सुटल्यासारखं हसणं होतं, त्यांचा दोष नाही. सातवीत असल्यापासून भोंग्यावर गाणारी बाई. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती पण हसली. श्वास मिळत नसताना हसली. मग दोघीजणींनी तिला धरून मागच्या खोलीत नेलं आणि मी साउंड पुन्हा लावला.

दुपारचा तो फोन त्यानंतर काही आठवड्यांनी आला.

मग कित्येक महिने काही नाही. मी प्लांटवर लोकांना सांगायचो, बघा, लक्ष दिलं नाही की अशी दुखणी आपोआप जातात.

आमच्या समोरच्या दारात रत्नागिरीकडच्या एक बाई राहतात. त्यांचे यजमान सूकमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात, कापडाच्या दुकानात आहेत. माझी बायको त्यांना आपा म्हणते. एका शनिवारी सकाळी लिफ्टपाशी त्या भेटल्या, हातात भाजीची पिशवी.

"भाऊ, वहिनीला मोठ्या डॉक्टरकडं कधी नेताय?"

"कशाला? ती आता बरी आहे. बरेच महिने झाले, काही त्रास नाही."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "बरी आहे? परवाच माझ्या किचनमध्ये बसलेली. खिडकीपाशी स्टूल ठेवलाय मी तिच्यासाठी, कायमचा. श्वास लागला की दार वाजवते. दार पण धड वाजवता येत नाय तिला, हात आपटते नुसता."

"मला काही बोलली नाही."

"तुम्हाला बोलून काय? तुम्ही आकडा विचारणार." लिफ्ट आली, उघडली, बंद झाली. त्या जागच्या हलल्या नाहीत. "मशीन लय चांगलं आहे ना तुमचं? मग त्यालाच सांगा भाकऱ्या थापायला."

मी घरात आलो. बायको खाली बसून गवार मोडत होती. मी तिच्यासमोर बसलो.

"आपाकडे जातेस तू? श्वास लागला की?"

"कधीमधी."

"मले काऊन नाई सांगतलं?"

तिनं हातातली शेंग मोडली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं.

"तवा बोलाले श्वास पुरत नाई हो," ती म्हणाली. "जेवढा असते तेवढ्यात एकालेच हाक मारता येते."

मग ती गवारीचे दोर काढत राहिली. मी पण दोन शेंगा उचलल्या, कशा मोडायच्या ते मला नीट येत नव्हतं, आणि तिनं त्या माझ्या हातातून घेऊन पुन्हा मोडल्या.

आम्ही तिघं कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेलो. काउंटरवर सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं ओळखपत्र, दिलं, बसलो, आत बोलावलं. डॉक्टर बाई होत्या, दक्षिणेकडच्या, हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी बायकोच्या नाकातून एक बारीक नळी आत सरकवली, तिच्या टोकाला कॅमेरा. समोर स्क्रीन. मी पहिल्यांदा तो गळा आतून पाहिला. स्वरतंतू पांढरेशुभ्र असतात म्हणे. हिचे लाल, सुजलेले होते, मागची बाजू सोलवटल्यासारखी.

"अब सांस लीजिए. जोर से, नाक से."

श्वास आत घेताना ते दोन्ही पडदे उघडायला हवेत, दारासारखे. ते थरथरले आणि बंद झाले. मागं फक्त एक फट उरली. खुर्चीतून तोच आवाज आला, करवतीचा. डॉक्टरांनी शांतपणे तिला ओठांचा चंबू करून हवा बाहेर सोडायला सांगितली, हळूहळू पडदे उघडले. माझ्या बायकोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नळीमुळे असेल.

डॉक्टर म्हणाल्या, हा दमा नाही. पोटातलं आम्ल वर घशापर्यंत येतं, बहुतेक आडवं पडल्यावर, झोपेत. रोज येऊन येऊन स्वरतंतू भाजल्यासारखे होतात, मग ते चिडके होतात आणि उघडायच्या वेळी मिटतात. घाबरल्यानं हे वाढतं, पण घाबरण्यानं झालेलं नाही. मी मशीनच्या आकड्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, रक्तातला ऑक्सिजन यात बहुधा चांगलाच दिसतो, दम मात्र खरोखर कोंडतो. आकडा चांगला आहे म्हणजे माणूस ठीक आहे असं नाही.

हे मला नवीन नव्हतं. लाइनमध्ये मागं कुठं व्हॉल्व्ह चिकटत असला तरी पुढचं गेज बरंच बरोबर दाखवतं, हे मी नवीन पोरांना शिकवतो. ऑपरेटर म्हणाला की पाइपातून आवाज येतोय, तर गेज काहीही दाखवो, मी जातो, पाइपाला कान लावतो. कुठल्याही ऑपरेटरला मी आजवर म्हटलेलं नाही की आवाज तुझ्या डोक्यात आहे.

"रात को खाना कब खाते हैं आप?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

"लेट हो जाता है."

"कितना लेट? और फिर तुरंत सो जाते हैं?"

बायको टेबलावरच्या कागदांकडे पाहत होती. "बस, घर का काम रहता है ना," ती म्हणाली.

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि मी शेजारच्याच खुर्चीत बसून काही बोललो नाही. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि तिलाच रागावल्या, अपना खयाल रखना चाहिए. ती हो म्हणाली.

उठताना तिनं विचारलं, "मैडम, गाना?"

डॉक्टर म्हणाल्या, "अभी नहीं. सूजन उतरने दीजिए. फिर देखेंगे." मग गोळ्यांचा कागद तिच्या हातात देत, "पहले जैसा होगा, ये मैं नहीं बोल सकती."

गाडीत ती मागं मुलीजवळ बसली. मुलीनं तिचा हात धरून ठेवला होता आणि आरशात माझ्याकडे पाहायचं टाळत होती.

घरातलं सगळं बदललं, आणि किती सोपं होतं ते. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली मी लाकडी ठोकळे बसवले. ती आणि मुलगी संध्याकाळीच जेवून घेतात. मी येतो तेव्हा ताट झाकून ठेवलेलं असतं, आणि एकट्याला जेवण जातं मला, अगदी व्यवस्थित जातं. गोळ्या सुरू आहेत. एक थेरपिस्ट बाई तिला श्वास शिकवतात, नाकानं आत, 'स्स' करत बाहेर. झटके कमी झाले, आले तरी ती ते सोडवते. आता ती समोरच्या दारी जात नाही. स्टूल आपांनी अजून खिडकीपाशीच ठेवलाय.

आवाज मात्र आला नाही. बोलते नीट, थोडं जाडसर. कधी कधी स्वयंपाकघरातून गुणगुणणं ऐकू येतं, खालच्या खालच्या सुरात. मग चाल वर जाते, तिथं अडखळते, ती खाकरते आणि नळ सोडते. मी बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवतो, म्हणजे मी ऐकलं असं तिला वाटू नये.

शुक्रवारी आता दुसऱ्या एक ताई पुढं बसतात. चांगल्या म्हणतात. माझी बायको मागच्या रांगेत, त्याच साडीत, नुसते ओठ हलवत. पोरं वंदना अजून तिच्याच हेलात म्हणतात. वंदनेत एक जागा येते, तिथं हातून घडलेल्या दोषाची क्षमा मागतात. लहानपणापासून मी ती हात जोडून, डोळे मिटून म्हणत आलो. डॉक्टरांकडून आल्यानंतरच्या शुक्रवारी त्या जागेवर माझा आवाज निघेना. ती माझ्या मागं, हातभर अंतरावर बसलेली होती.

त्यानंतर जयंतीच्या तयारीची बोलणी सुरू झाली. मी ठरवलं, या वेळी स्टेजवर जाऊन सगळ्यांसमोर सांगायचं. ज्या माइकवर बोललो त्याच माइकवर. काय बोलायचं ते मी प्लांटच्या बसमध्ये मनात घोळवत होतो, आणि खरं सांगायचं तर ते भाषण मला आवडायला लागलं होतं.

एका शुक्रवारी वंदना झाल्यावर मुलगी मैत्रिणीकडे गेली आणि आम्ही दोघं गाडी घेऊन झल्लाकच्या बाजूला गेलो. हिवाळ्यातली दुपार, समुद्र उथळ आणि फिकट. रिसॉर्टच्या भिंतीपलीकडे थोडा मोकळा किनारा आहे, तिथं गाडी लावली. वारा होता म्हणून तिनं काच अर्धीच उघडली आणि आपला श्वास करून घेतला, नाकानं आत, 'स्स' बाहेर. झाल्यावर मी तिला माझा बेत सांगितला.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "नको."

"काऊन?"

"तिथं तुम्ही चांगले ठरसान. लोकं टाळ्या वाजवतीन, म्हणतीन पाहा किती मोठ्या मनाचा माणूस. अन् मले पुन्हा उभं राहून हसा लागंल."

भाषणातला एकही शब्द आता कामाचा नव्हता.

"मंग काय करू?"

"काई नका करू." तिनं पदर सावरला. "मलेच म्हणायचं हाय ना? मंग मलेच म्हणा."

बाहेर एक बहरीनी कुटुंब चटई अंथरत होतं, वाऱ्यानं ती पुन्हा पुन्हा उलटत होती. आम्ही दोघं त्यांच्याकडे पाहत होतो. तिच्याकडे पाहून बोलायचं मला जमत नव्हतं. मग मी वळलो आणि तिच्याकडे पाहिलं.

"तू फोन केला तवा मी तुले आकडा इचारला," मी म्हणालो. "तुले नाई इचारलं. तुले पडून राह्य म्हटलं, अन् पडल्यानं ते अजून वाढत होतं. हॉलमधी सगळ्यायले सांगतलं का तू घाबरली. तू घाबरली नव्हती. मीच घाबरलो होतो, लोकं काय म्हणतीन म्हणून. अन् डॉक्टरनं जेवणाचं इचारलं तवा तू मले वाचवलं, अन् मी वाचलो. तू माह्यासाठी थांबत होती, हे मी तिथं सांगाले पायजे होतं. तुहा आवाज मी वापस नाई आणू शकत. माही चूक झाली. मले माफ कर."